संत्र्याचं झाड आटोपशीर ठेवायचं तर खुंट कोणता घ्यावा?

काटोल तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचा प्रश्न आहे. तीन एकर मध्यम काळी जमीन, विहिरीचं पाणी, ठिबक. वडिलांनी लावलेली जुनी बाग जंबेरी खुंटावरची (खुंट म्हणजे ज्यावर संत्र्याचं कलम बांधतात ते मुळाकडचं झाड, जंबेरी हा त्यातला एक रानटी लिंबू), 20 बाय 20 फुटांवर. झाडं सोळा-अठरा फुटांवर गेलीत. शेंड्याला फवारा पोचत नाही, शिडीवर चढायला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर रोज जास्त मागतात. ती बाग काढून नवी लावायची आहे. एका रोपवाटिकेने "विदेशी बुटका खुंट, झाड सात फुटांच्या वर जात नाही, एकरी चौपट झाडं, चौपट माल" असं सांगून जंबेरीच्या दुपटीपेक्षा जास्त भावात कलमा देऊ केल्यात. घ्याव्यात का?

भाऊ, आधी उत्तर सांगतो, मग कारणं. तीन एकर सगळ्या त्या खुंटावर लावू नका. अडीच एकरावर रंगपूर लाईम खुंटाच्या कलमा 20 बाय 10 फुटांवर लावा आणि दरवर्षी छाटणीची सवय ठेवा. उरलेल्या अर्ध्या एकरात, तेही माती तपासून, ट्रायफोलिएट या तीन पानांच्या बुटक्या खुंटाच्या संकराचा प्रयोग करा. त्या रोपवाटिकेचा खुंट नेमका कोणता, हे नावासकट कागदावर लिहून देत नाहीत तोवर एक रुपयासुद्धा विसार देऊ नका. "विदेशी" हे काही खुंटाचं नाव नाही.

आता "चौपट" या शब्दाकडे येऊ, कारण सगळा घोळ तिथेच आहे. संत्रा झाडाच्या बाहेरच्या थरात लागतो, साधारण दोन-तीन फुटांच्या. मोठ्या झाडाच्या पोटात शिरून पाहा: जाड फांद्या, वाळक्या काड्या, अंधार आणि कोळशी बुरशीने काळी पडलेली पानं. तिथे फळ नसतं. म्हणजे उत्पन्न झाडाच्या आकारमानावर ठरत नाही, ऊन खाणाऱ्या पृष्ठभागावर ठरतं. झाड उंचीला आणि घेराला निम्मं केलं, तर पृष्ठभाग एक चतुर्थांश होतो आणि आकारमान एक अष्टमांश. एका मोठ्या झाडाच्या जागेत अशी चार लहान झाडं बसतात. चारांचा मिळून पृष्ठभाग तेवढाच, एका मोठ्या झाडाइतका. म्हणजे भरलेल्या बागेत माल चौपट होत नाही, जवळपास तेवढाच राहतो. फायदा वेगळा आहे. तेवढाच माल निम्म्या झाडोऱ्यावर येतो, फवाऱ्याचं पाणी वाचतं, तोडा जमिनीवर उभं राहून होतो, आणि जागा लवकर भरत असल्याने पहिल्या सात-आठ वर्षांत हातात पैसा जास्त येतो. हा फायदा काही थोडा नाही. पण रोपवाटिकेवाल्याने सांगितलेला तो नव्हे.

आता खुंट. आपल्याकडे वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या जंबेरीच चालत आला. त्याला कारण आहे. बी भरपूर मिळतं, रोप भराभर वाढतं, पेन्सिलीएवढी जाडी लवकर येते, त्यावर संत्र्याचा डोळा बांधला की सहसा फुकट जात नाही. वरुडजवळच्या शेंदुरजनाघाटला कलमांचा एवढा मोठा धंदा उभा राहिला, त्यात जंबेरीच्या या गुणांचा वाटा मोठा. झाडही जोमदार होतं, मुळं खोल आणि दूरवर जातात, पाणी कमी पडलं तरी तग धरतं. पण तोच जोम तुमच्या शिडीचं कारण आहे. शिवाय जंबेरीवरचं फळ मोठं असलं तरी साल जाड आणि सैल, रसात साखर जरा कमी. आणि मुख्य म्हणजे जंबेरी डिंक्याला, म्हणजे फायटोफ्थोरा बुरशीला, लवकर बळी पडतो. हा खुंट मुळात हलक्या, खोल, निचऱ्याच्या जमिनीचा. आपण त्याला पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत लावतो आणि मग दर पावसाळ्यात बोर्डो पेस्टचे डबे घेऊन फिरतो.

रंगपूर लाईम नावाने लिंबू असला तरी फळ पाहाल तर लहानसं नारिंगी संत्रंच वाटेल. तोंडात घातलं की आंबटपणाने डोळे मिटतात. यावरचं झाड जंबेरीपेक्षा थोडं लहान राहतं, फळावर लवकर येतं, दुष्काळ सोसतो, आणि विहिरीच्या पाण्यात क्षार असले तरी बऱ्यापैकी निभावतो. ब्राझीलने 1930-40 च्या दशकांत ट्रिस्टेझा या विषाणूरोगात नारिंग खुंटावरच्या बागा गमावल्या आणि नंतर जवळजवळ सगळा देश रंगपूरवर उभा केला. रंगपूरची ताकद त्यात दिसते. पण या गोष्टीचा उत्तरार्ध कोणी सांगत नाही. या शतकाच्या सुरुवातीला तिथे रंगपूरवरच्या मोसंबीवर झाड अचानक मरण्याचा नवा रोग आला आणि त्यांना पुन्हा दुसऱ्या खुंटांकडे वळावं लागलं. म्हणून रंगपूर सांगतानासुद्धा मी अडीच एकरांवर थांबतो, तीन म्हणत नाही.

रंगपूरने झाड "बुटकं" होतं, असं मात्र समजू नका. उंची थोडी कमी होते, बाकीचं काम कात्रीचं.

खरी बुटकी घराणी ट्रायफोलिएटची. एका देठावर तीन पानं, लांब हिरवे काटे, थंडीत पानं गाळणारं झुडूप. चीन-जपानकडचं. जपानात सातसुमा जातीची संत्री वर्षानुवर्षं याच खुंटावर होतात. डिंक्याला हा दाद देत नाही, ट्रिस्टेझा सोसतो, सूत्रकृमींनाही पुरून उरतो, आणि यावरच्या संत्र्याचा रस गोड, साल पातळ. ऐकायला एवढं चांगलं आहे की वाटतं आपल्या बापजाद्यांनी हा लावला का नाही? याचं उत्तर आपल्या मातीत आहे. ट्रायफोलिएटला चुना चालत नाही.

हे मी स्वतः पैसे घालवून शिकलो. माझ्या शेतात नाल्याच्या अंगाला थोडी मुरमाड तांबूस पट्टी आहे आणि वर काळी. हौसेने मी ट्रायफोलिएटवरच्या चाळीस कलमा लावल्या, अर्ध्या वर, अर्ध्या नाल्याकडे. पहिलं वर्ष दोन्हीकडची झाडं हिरवीगार. दुसऱ्या पावसाळ्यानंतर वरच्या ओळीतली कोवळी पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या, मधला भाग लिंबाच्या सालीसारखा. मी फेरस सल्फेट फवारलं, पंधरा दिवस हिरवं, पुन्हा पिवळं. तिसऱ्या वर्षी शेवटी टिकाव घेऊन झाडाशेजारी खड्डा खणला. दीड फुटापर्यंत सुंदर काळी माती, आणि त्याखाली ज्वारीच्या दाण्यापासून सुपारीपर्यंतचे पांढरे चुनखडे ठासून भरलेले. माती परीक्षणासाठी मी वरच्या थराचा नमुना पाठवला होता. कागदावर सगळं ठीक होतं. मुळं मात्र कागदावर वाढत नव्हती. वरची वीसच्या वीस झाडं पुढे खुरटून गेली, मी उपटली. नाल्याकडची अजून आहेत, हात वर केला की शेंडा लागतो आणि दरवर्षी लदलेली असतात.

बुटकं झाड आणि खुरटं झाड यांत दुरून फरक दिसत नाही. बुटक्या झाडाला पान मोठं, गडद आणि भरपूर असतं, दोन डोळ्यांमधलं अंतर तेवढं कमी. खुरट्याचं पान लहान, फिकट, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात आणि फुलं मात्र बेसुमार. मरू घातलेलं झाड बरेचदा जास्त फुलतं. काही रोपवाटिकांत "बघा, दुसऱ्याच वर्षी फुलं" म्हणून जी झाडं दाखवतात ती नीट पाहा. एक्झोकॉर्टिस नावाचा विषाणूहून सूक्ष्म असा रोगकारक असतो, तो ट्रायफोलिएट आणि रंगपूर दोन्हींवर साल तडकवतो आणि झाड ठेंगणं ठेवतो. ऑस्ट्रेलियात अशा सौम्य रोगकारकाचा मुद्दाम वापर करून झाडं लहान ठेवण्याचे प्रयोग झाले, पण ते तपासलेल्या, वेगळ्या केलेल्या रोगकारकावर. आपल्याकडे तो कलम बांधणाऱ्याच्या चाकूवरून, कोणाला न कळता येतो. चाकू आचेवर धरून किंवा स्पिरिटने पुसून तो जात नाही, ब्लीचच्या पाण्यात बुडवावा लागतो. डोळा बांधताना कारागीर दोन झाडांच्या मध्ये चाकू कशात बुडवतो, एवढं पाहिलंत तरी त्या रोपवाटिकेची पारख होते.

सात फुटांच्या वर न जाणारा तुमचा "विदेशी" खुंट बहुधा फ्लाइंग ड्रॅगन असावा. ट्रायफोलिएटचाच एक प्रकार, काटे आणि फांद्या नागमोडी वळलेल्या. झाड खरोखर ठेंगणं ठेवणारा हाच. ब्राझीलमध्ये ताहिती लिंबाच्या दाट बागांत याचा वापर झालाय. पण रोपवाटिकेत हा अतिशय सावकाश वाढतो, बियांतून वेगळ्या जातीची रोपंही बरीच निघतात, आणि ट्रायफोलिएटचे सगळे नखरे याला आहेत: चुना नको, क्षार नको, पाण्याची ओढ नको. गच्चीवर कुंडीत संत्रा लावणाऱ्याला मी आनंदाने फ्लाइंग ड्रॅगन सांगेन. काटोलच्या काळ्या जमिनीत एकराने लावायला नाही.

मधला रस्ता संकरांचा. अमेरिकेत वॉल्टर स्विंगल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1907 ते 1909 च्या सुमारास ट्रायफोलिएटचा संकर गोड संत्रा आणि ग्रेपफ्रूटशी केला. त्यातून पुढे कॅरिझो, ट्रॉयर ही सिट्रेंज (गोड संत्र्याशी संकर) आणि स्विंगल सिट्रुमेलो (ग्रेपफ्रूटशी संकर) हे खुंट आले. पंजाबात किन्नो संत्र्यासाठी कॅरिझोकडे लोक वळू लागलेत. कॅरिझोवरचं झाड मध्यम होतं, डिंक्याला बरंच दाद देत नाही, आणि चुना शुद्ध ट्रायफोलिएटपेक्षा थोडा जास्त सोसतो. थोडाच. स्विंगल सिट्रुमेलो मात्र चुनखडीत ट्रायफोलिएटइतकाच हटवादी, तेव्हा तो आपल्याकडे विसरलेलाच बरा. तुमच्या अर्ध्या एकरासाठी कॅरिझो किंवा मिळाला तर सी-35 घ्या, हा सिट्रेंज कॅरिझोपेक्षाही जरा लहान झाड देतो.

पण आधी खड्डे. तीन एकरांत सहा-सात ठिकाणी तीन फूट खोल खणा. प्रत्येक फुटाची माती वेगळ्या पिशवीत, वेगळी चिठ्ठी. प्रयोगशाळेत सामू (पीएच), क्षारता आणि मुक्त चुनखडी तीनही लिहून मागा, चुनखडीचं मोजमाप न मागता सहसा करत नाहीत. शेतातच अंदाज घ्यायचा तर मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाका. फसफसून फेस आला तर तिथे ट्रायफोलिएटच्या घराण्यातलं काहीच नको. मुक्त चुनखडी दहा टक्क्यांवर गेली तर मी संत्र्यालाच नको म्हणेन, खुंट कोणताही असो. सामू आठच्या पुढे असेल तर संकरांचा विचार सोडा. खड्ड्यात एक बादली पाणी ओतून पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच दिसलं, तर त्या भागात निचऱ्याचा चर काढल्याशिवाय आणि उंच गादीवाफा केल्याशिवाय लागवड करू नका. जुन्या बागेत कोणती झाडं डिंक्याने गेली ते तुम्हाला ठाऊकच असेल. त्या जागा कागदावर मांडा. नव्या कलमा तिथे जुन्या खड्ड्यात जाऊ देऊ नका.

अंतराचं गणित असं. 20 बाय 20 फुटांवर एकरी 108 झाडं, 20 बाय 10 वर 217. दोन ओळींमधलं 20 फूट अंतर मी मुद्दाम कमी करत नाही, कारण छोटा ट्रॅक्टर आणि फवारणीचा ब्लोअर तिथूनच जाणार आहे. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेनेही 6 बाय 3 मीटरच्या दाट लागवडीचा मार्ग दाखवलाय, तो साधारण हाच. अर्ध्या एकराच्या कॅरिझोला 18 बाय 9 पुरे.

दाट लागवड करून छाटणी टाळली तर सात-आठ वर्षांत ओळ म्हणजे हिरवी भिंत होते आणि खालचा अर्धा भाग फळाला मुकतो. हीच तक्रार घेऊन माझ्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी येतं आणि खुंटाला दोष देतं. आंबिया बहाराचा तोडा झाला की, ताण (पुढच्या बहारासाठी पाणी तोडणं) सुरू होण्याच्या आसपास, शेंडा दहा-अकरा फुटांवर आणा. सरळ वर जाणारे पानसोट मुळापासून काढा, मधली एखादी जाड फांदी काढून झाडाच्या पोटात ऊन जाऊ द्या. नागपुरी संत्र्याचा स्वभाव मुळातच उभट वाढायचा, त्याला आडवं करायला पहिल्या तीन वर्षांत हात लागला पाहिजे. कापलेल्या जागेवर बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर.

ताणाबद्दल एक गोष्ट, कारण इथे लोक फसतात. आंबिया बहारासाठी मध्यम जमिनीत चाळीस-पंचेचाळीस दिवस पाणी तोडायची आपली रीत जंबेरीच्या खोल मुळांवर बेतलेली आहे. ट्रायफोलिएट आणि त्याच्या संकरांची मुळं वरच्या थरात, बारीक आणि दाट. तेवढाच ताण दिला तर पानगळ होऊन फांद्या वाळतील. म्हणून अर्ध्या एकराचा ठिबकचा व्हॉल्व्ह वेगळा ठेवा. दिवस मोजू नका, झाड पाहा: पानं मलूल होऊन पाव भाग गळाली की पाणी सोडा. दोन्ही खुंट ठिबकच्या एकाच नळीवर घेतलेत, तर एकाचा बहार जाईल किंवा दुसऱ्याचा जीव.

फळाचा आकारही आधीच सांगून ठेवतो. ट्रायफोलिएटच्या घराण्यावर फळ गोड पण लहान. झाड लदलं आणि विरळणी केली नाही, तर माल चुरीत, म्हणजे बारीक फळांत निघतो, आणि व्यापारी गोडी मोजत नाही, डोळ्याने आकार पाहतो. आपल्याकडे फळं तोडून टाकायला हात धजत नाही. पण लहान झाडावर फळं वाटाण्यातून लिंबाएवढी होत असताना जोडगोळ्या मोकळ्या करणं हे कामच आहे, आणि तिथे शिडी लागत नाही, हा बुटक्या झाडाचा मला सगळ्यात आवडता फायदा.

कलमा घ्यायला जाल तेव्हा डोळा जमिनीपासून किमान नऊ इंचांवर बांधलेला असावा. चार बोटांवर बांधलेल्या कलमा स्वस्त मिळतात, कारण त्या झटपट होतात. त्यांच्या जोडावर पावसाचं चिखलपाणी उडतं आणि डिंक्या तिथूनच शिरतो. लावताना जोड कधीही मातीखाली जाऊ देऊ नका, पुढे आळ्याची माती ओढतानाही नाही. जोड बुजला की वरच्या संत्र्याला स्वतःची मुळं फुटतात, आणि बुटक्या खुंटासाठी मोजलेले पैसे तिथेच संपतात, झाड पुन्हा मोकाट वाढतं. जमिनीतून उपटून गोणपाटात गुंडाळलेल्या कलमांपेक्षा निर्जंतुक माती भरलेल्या पिशवीतली कलम घ्या, महाग पडली तरी. पिशवी सोलून दोन-तीन कलमांची मुळं पाहू द्या म्हणा. तंतुमुळं पांढरी-पिवळसर हवीत. बोटांनी ओढल्यावर साल निघून आत दोरा उरत असेल, तर ती बुरशी तुम्ही गाडीत भरून घरी नेताय.

खुंट खरा आहे का, हे ओळखायची एक खूण आहे. जोडाखालून फुटलेला एखादा फुटवा शोधा. ट्रायफोलिएट, कॅरिझो किंवा फ्लाइंग ड्रॅगन असेल, तर त्याचं पान तीन दलांचं असणारच, शाळेतलं पोरसुद्धा ओळखेल. एकेरी पान दिसलं आणि चुरगळल्यावर लिंबाचा उग्र वास आला, तर तो जंबेरी आहे, पावतीवर काहीही लिहिलेलं असो. जोडाचा आकारही पाहा: ट्रायफोलिएटवर वय वाढलेल्या झाडाचा खुंटाचा भाग वरच्या खोडापेक्षा जाड होऊन तिथे पायरी दिसते. जंबेरीवर खोड जवळपास सरळ उतरतं. म्हणून त्या रोपवाटिकेला नुसत्या कलमा नका मागू, त्याच खुंटावरची पाच-सहा वर्षांची, फळावरची झाडं दाखवा म्हणा. ती काळ्या जमिनीत लावलेली असतील तर मला जरूर कळवा, मीही बघायला येईन. आणि "आमच्याकडे मोठी झाडं नाहीत, पण हमी आहे" असं उत्तर आलं, तर चहा पिऊन परत या.

लागवड जुलैत. म्हणजे खड्डे आणि माती परीक्षण उन्हाळ्यातच उरकायला हवं, आणि रंगपूरवरच्या कलमांची मागणी त्याहूनही आधी नोंदवायला हवी. बहुतेक रोपवाटिका आजही जंबेरीच जास्त भरतात, रंगपूर ऐन वेळी मागितला की "हाच रंगपूर" म्हणून जंबेरीच हातात ठेवतात. फुटव्याचं पान चुरगळून पाहायचं विसरू नका. रंगपूरचं पान जंबेरीपेक्षा लहान असतं.